कुलूपवाल्याचं कपाट

सुताराचा पलंग करकरतो, शिंप्याच्या सदऱ्याला एक गुंडी कमी असते, आणि कुलूपवाल्याच्या घरी चोर आला तर त्याला नुसतं दार ढकलून आत येता येतं. जगाची रीतच आहे ती, कुणी बदलायला जाऊ नये. पण या कुलूपवाल्याच्या घरात एक कुलूप होतं, आणि असं होतं की सबंध शहरात त्याला जोड नव्हती. ते तिजोरीला नव्हतं, बाहेरच्या दारालाही नव्हतं. ते होतं स्वयंपाकघरातल्या कपाटाला, आणि त्या कपाटात पाव, बिस्किटं, जॅम, साखर आणि खारे दाणे होते.

रस्त्यावरचे सगळे त्याला किल्लेदार म्हणायचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि देह बुरुजासारखा, मग दुसरं काय म्हणणार? चांभार आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत त्याचं दुकान. आत एक माणूस नीट मावायचा, आणि तो माणूस किल्लेदार असला तर गिऱ्हाइकाने फुटपाथवर उभं राहायचं. भिंतभर न कापलेल्या किल्ल्या लटकत होत्या. समोर किल्ली पकडून धरायचा शेगडा, कानशी आणि तेलाची लांब चोचीची पिचकारी असायची. काम करताना तो गुणगुणायचा. हात असा हलका, की कुणी घराबाहेर अडकलं आणि याला बोलावलं तर दोन मिनिटांत दार उघडायचं. पण तो मुद्दाम दहा मिनिटं लावायचा. दोन मिनिटांत उघडलं तर माणूस घाबरतो ना, इतके दिवस आपण कशाच्या भरवशावर झोपलो म्हणून.

वडिलांनी त्याला धंदा शिकवला आणि धंद्यासोबत एक सवय लावली. कुलूप उघडलंस की तेलाचा एक थेंब सोडायचा, मगच हत्यार पिशवीत ठेवायचं. कुरकुरणारी बिजागरी ऐकली की याची दाढ ठणकायची. शेजारणीच्या फाटकाला न सांगता तेल घालून यायचा. एकूण सुखी माणूस होता. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, पोरगी लग्न होऊन दूरच्या शहरात नांदत होती, हातात कला होती. दुःख एकच होतं आणि ते कपाटात होतं.

आता तुम्ही म्हणाल, खादाड माणूस होता, त्यात एवढं काय? तसं असतं तर गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो. खादाड माणूस चवीने खातो, चारचौघांत खातो, बोटं चाटून पुन्हा वाढा म्हणतो. किल्लेदाराचं तसं नव्हतं. त्याचं दुकान साडेपाचला बंद व्हायचं आणि बायको सातला घरी यायची. सगळा खेळ त्या मधल्या दीड तासाचा. दिवा न लावता, खांद्यावरची पिशवीही न उतरवता, तो कपाटापाशी उभा राहायचा. आधी बिस्किटं, मग पाव, मग जॅम नुसताच चमच्याने. गोड अति झालं की खारे दाणे, खारट झालं की पुन्हा गोड. चव काय ती पहिल्या दोन घासांना, पुढचं सगळं हात आपला करत राहायचा. भूक म्हणावी तर भुकेला पोट असतं आणि पोट भरतं. हे भरायचंच नाही. कुणी गिऱ्हाईक ओरडलं तरी हात कपाटाकडे जायचा आणि कुणी शाबासकी दिली तरी जायचा.

मग रिकामी पाकिटं कानशींच्या खाली पिशवीत लपवायची. फुटपाथवरच्या डब्यात टाकायची, तीही तीन वेगवेगळ्या डब्यांत. नवी पाकिटं आणून होती तशी रचून ठेवायची. मग फुगलेलं पोट घेऊन खुर्चीत बसायचं आणि स्वतःला असं काही बोलायचं, की तसं दुसरं कुणी बोललं असतं तर किल्लेदाराने त्याला दुकानात पाऊल ठेवू दिलं नसतं. आणि याहून वाईट म्हणजे सातला बायको आली की तिच्यासोबत पुन्हा जेवायला बसायचं, कारण जेवलो नाही तर तिला संशय येईल. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार.

हळूहळू बाकीचं आयुष्य आक्रसत गेलं. मेव्हण्याकडे जेवायला बोलावलं तर याचं डोकं दुखायचं. रविवारचा पत्त्यांचा अड्डा सुटला, कारण तिथे मध्ये बशी ठेवलेली असायची आणि त्या बशीशिवाय याला दुसरं काही दिसायचं नाही. जिना चढताना धाप लागते म्हणून तिसऱ्या मजल्यावरची कामं तो झेरॉक्सवाल्याच्या पुतण्याला देऊ लागला. किल्ल्या चुकीच्या कापू लागला. सकाळी उठला की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. दुकानात मात्र हसरा चेहरा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन वर्षांपूर्वी ती मूठ उघडली. बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून बायको चार दिवस तिकडे गेली. तिसऱ्या दिवशी शेजारणीचा फोन गेला, की दुकान बंद आहे आणि दार वाजवलं तर आतून उत्तर येत नाही. बायको धावत परतली. हा स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. तीन दिवस आंघोळ नव्हती, आजूबाजूला पाकिटं पडली होती. बायकोकडे बघून तो म्हणाला, "मला थांबता येत नाही गं." एवढंच म्हणाला आणि रडला. ती त्याच्या शेजारी तशीच जमिनीवर बसली.

कुलपाची कल्पना त्याचीच. "मी कपाटाला कुलूप करतो, दोन्ही किल्ल्या तू ठेव." बायकोला ती फार पटली नव्हती. पण नवऱ्याला वाटत होतं की वाट सापडली, म्हणून ती गप्प बसली. त्याने चार लिव्हरचं कुलूप बनवलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे पाचच निघाले. सहाव्या दिवशी साडेपाचला त्याने पिशवीतून तार काढली आणि सहा मिनिटांत आपलंच कुलूप उघडलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

पण माणूस हट्टी. "मला चार लिव्हरचं उघडता येतं, सातचं नाही येणार," असं मनाशी म्हणत त्याने सातचं केलं, आणि बायकोला नुसतं हे जास्त पक्कं आहे एवढंच सांगितलं. ते अकरा दिवस टिकलं. मग आत खोट्या खाचा घालून एक केलं, ते तीन आठवडे. दिवसा हा कुलूपवाला आणि संध्याकाळी हाच चोर, आणि दोघांचंही कसब दिवसेंदिवस वाढत होतं. गंमत अशी की ती कुलपं त्याने दुकानातही ठेवली आणि लोकांच्या उड्या पडल्या. एक गिऱ्हाईक तर म्हणालं, "चोराच्या डोक्यात काय चालतं, याचा तुमचा अभ्यास जबरदस्त आहे हो." किल्लेदार गुणगुणत कानस घासत राहिला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

बायको त्या दोन वर्षांत एकही रात्र घराबाहेर राहिली नाही. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवून कामावर जायची आणि सातच्या ठोक्याला परत यायची. मैत्रिणी सहलीला गेल्या, ही नाही गेली. भावाच्या मुलाच्या लग्नाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतली. कुलूप कपाटाला होतं, पण अडकली होती ती.

अशात पोरीचा फोन आला. तिला आठवा महिना होता आणि नवरा बोटीवर, चार महिने परतणार नव्हता. तिचं शहर गाडीने एका दिवसाच्या अंतरावर. पोरगी म्हणाली, "आई, तू येशील ना? दीड महिना तरी ये. मला खूप भीती वाटतेय गं."

"बघते," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्यापाशी पाठमोरी उभी राहिली. किल्लेदार टेबलाशी बसला होता. जी बाई लेकीच्या साध्या सर्दीलासुद्धा निघायला तयार असायची, ती आज "बघते" म्हणते, आणि का म्हणते, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला एखाद्याने सगळ्यांदेखत कानफटात मारावी तसं झालं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरबाईंकडे गेला. गुडघ्यांचं निमित्त करूनच गेला म्हणा, पण गेला. डॉक्टरबाईंनी गुडघे पाहिले, झोप विचारली, मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "कुणी बघत नसताना काय खाता?" दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "सगळं." डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा आजार आहे, आळस नाही आणि हावरेपणाही नाही. औषधाचं त्या बघतील, पण दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता जवळच्या शाळेत अशी माणसं जमतात, तिथे जाऊन बसायचं. "एकट्याने हे होत नाही," असंही त्यांनी सांगितलं.

गुरुवारी किल्लेदार पिशवीसकट शाळेत पोहोचला. पहिलीचा वर्ग, बुटकी बाकं आणि भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे. दारात एक उंच, वाळकुडा म्हातारा उभा होता, निवृत्त बसचालक. तो म्हणाला, "या. काय काम होतं?"

आता बघा, उत्तर किती सोपं होतं. पण आत बसलेल्या आठ-दहा माणसांनी माना वळवून याच्याकडे पाहिलं, आणि किल्लेदाराच्या तोंडून निघालं, "या दाराच्या कुलपाची तक्रार होती ना? ते बघायला आलोय."

"असेल, असेल," बसचालक म्हणाला आणि बाजूला झाला.

मग काय करणार? किल्लेदार खाली बसला, स्क्रू काढले, चांगलं धडधाकट कुलूप मोकळं केलं, साफ केलं, तेलाचा थेंब सोडला, परत बसवलं. मागे कुणी एक बाई हलक्या आवाजात सांगत होत्या, की त्या गाडीत बसून खातात आणि मग घरी जाऊन जेवतात. त्याने सगळं ऐकलं. स्क्रू आवळायला त्याने जितका वेळ लावता येईल तितका लावला. मग पिशवी उचलली आणि घरी आला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

घरी येऊन त्याने ठरवलं, की आता असं कुलूप करायचं जे आपल्याला मरेपर्यंत उघडता येणार नाही. दोन आठवडे तो झपाटल्यासारखा कामाला लागला. तारेला वळायला जागाच सापडू नये अशी वाट केली. दोन किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय खीळ हलणार नाही असं केलं. वडील असते तर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली असती. त्या दोन आठवड्यांत जुनं कुलूप त्याने तीनदा उघडलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस सुधारला.

शनिवारी बायकोला सुट्टी होती. सकाळी चहा झाल्यावर त्याने रुमालात गुंडाळलेलं कुलूप तिच्यापुढे ठेवलं. "दोन्ही किल्ल्या घेऊन तू पोरीकडे जा. अगदी निर्धास्त जा. हे मला उघडता येत नाही. चार तास बसून बघितलं."

तिने कुलूप उचललं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं. "सुंदर झालंय," ती म्हणाली. खोटं नव्हतं, तिला काम कळायचं. मग तिने ते खाली ठेवलं. "आणि आताचं?"

"आताचं काय?"

"जे लावलंय ते. ते तरी कुठे उघडता येणार होतं तुम्हाला?"

ती उठली. "या इकडे," म्हणाली आणि त्याला कपाटापाशी घेऊन गेली. कुलपाच्या बरोबर खाली लाकडावर बोटाएवढा काळपट डाग होता, लाकडात मुरलेला. "हे काय आहे?"

"तेल," तो म्हणाला, आणि म्हणताम्हणता त्याला सगळं समजलं.

"दोन वर्षांत मी या कपाटाच्या एकाही कुलपाला तेल घातलेलं नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. आणि किल्ली लावली की कसं फिरतं? लोण्यासारखं. अहो, मी दिवसभर काचेवरचे डाग शोधते. तुम्ही पाकिटं आणून ठेवता, चुरा पुसता, सगळं बरोबर करता. आणि मग तेल घालून जाता."

त्याच्या मनाला खबरही नव्हती. वडिलांनी लावलेली सवय, हात आपोआप करून मोकळा व्हायचा. तो खुर्चीत मटकन बसला. खुर्चीने तक्रार केली.

"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"सहाव्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही आणखी एक कुलूप केलं असतंत." ती त्याच्यासमोर बसली. "राग यायचा मला. खूप यायचा. एकदा वाटलं, सगळं कपाट खिडकीतून खाली फेकावं. मग मनात यायचं, की हा माणूस चोरी करतो आणि जाताना कुलपाला तेल घालतो. अशा चोरावर किती रागवायचं माणसाने?"

किल्लेदाराला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, त्यामुळे चेहऱ्याचं काय करावं ते त्याला कळेना.

"मला पोरीकडे जायचंय," बायको म्हणाली. आवाज शांत होता, पण हात टेबलाची कड घट्ट धरून होते. "आणि परत येईन तेव्हा तुम्ही मला धडधाकट हवे आहात. मला दोन्ही हवंय, आणि कुलपाने दोन्ही होत नाही. दोन वर्षं बघितलं आपण. तुमची कुलपं चांगली आहेत हो, पण तुम्ही त्यांच्याहून चांगले आहात. काय करायचं?"

तेव्हा त्याने तिला शाळेतलं सांगितलं. डॉक्टरबाई, मासे, बुटकी बाकं आणि चांगलं कुलूप खोलून परत बसवणं. ती आधी गंभीरपणे ऐकत होती. कुलपापर्यंत आल्यावर तिने तोंडावर पदर दाबला. मग तिचे खांदे हलायला लागले. शेवटी ती इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं. "तेल घातलंत का तिथे?" तिने विचारलं.

"घातलं ना."

"मग काय, पक्कं. त्यांनाही कळलंय."

आणि खरंच कळलं होतं. पुढच्या गुरुवारी किल्लेदार पुन्हा त्या दारात उभा राहिला, या वेळी पिशवीशिवाय. हातांना काय करावं ते कळत नव्हतं. बसचालक म्हणाला, "कुलूप उत्तम लागतं हो आता. आधीही लागायचं, पण आता जास्त छान लागतं."

"मी दुसऱ्या कामाला आलोय," किल्लेदार म्हणाला.

"ठाऊक आहे. मी पहिल्यांदा आलो तेव्हा शाळेची बस बघायला आलो होतो. या, मागचं बाक जरा मोठं आहे."

तिथे जादू वगैरे काही नव्हती. नऊ माणसं होती. एक नर्स, एक गणिताचे सर, गाडीत बसून खाणाऱ्या त्या बाई, अशी. कुणी कुणाला उपदेश करत नव्हतं. दिवसातून तीन वेळा जेवायचं, ठरल्या वेळी, ताटात वाढून, खुर्चीत बसून, दिवा लावून. उपाशी राहायचं नाही, कारण उपाशी माणूसच संध्याकाळी कपाटापाशी उभा राहतो. मन फिरलं की कुणालातरी फोन करायचा, आणि तो खाऊन झाल्यावर नाही, आधी करायचा. एवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो. किल्लेदारालाही वाटला होता, करायला गेल्यावर घाम फुटला. त्याची बोलायची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी कुलूपवाला आहे. मी स्वतःच्या घरात चोरी करतो." कुणी हसलं नाही. सरांनी फक्त सरकून त्याला जागा करून दिली.

तीन गुरुवार झाले. तिसऱ्या गुरुवारानंतरच्या रविवारी बायकोची गाडी होती. शनिवारी दुपारी त्याने कपाटाचं कुलूप काढलं. चार स्क्रूंची चार भोकं आणि तेलाचा डाग तेवढा राहिला. नवं कुलूप, दोन किल्ल्यांचं, ते त्याने दुकानात काचेमागे ठेवलं आणि त्याखाली चिठ्ठी लावली, की हे विकायचं नाही. बायकोने गळ्यातली साखळी काढली, किल्ली सोडवली आणि त्याच्या हातावर ठेवली. "हिचं काय करायचं?" तो म्हणाला. "ठेवा कुठेही," ती म्हणाली. स्टेशनवर तिने त्याला काहीही बजावलं नाही. गाडी हलली तेव्हा पुढच्याच स्टेशनवर उतरून परत यावं असं तिला वाटलं होतं, हे तिने खूप नंतर सांगितलं.

पहिले पंधरा-अठरा दिवस बरे गेले. साडेपाचला दुकान बंद झालं की तो सरळ घरी न जाता बसचालकाकडे जायचा. तिथे दोघं काहीबाही निकामी घड्याळं उघडून बसायचे. सातला घरी येऊन ताट घ्यायचं. पोरीला मुलगी झाली, फोनवर तिचं रडणं ऐकवलं गेलं, किल्लेदाराने ते दुकानात सगळ्यांना, चांभारालासुद्धा, ऐकवलं.

एकोणिसाव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या झालं. एका गिऱ्हाइकाची किल्ली कुलपात मोडली आणि तो भर रस्त्यात म्हणाला, की तुमच्या हातात आता पहिल्यासारखं काही राहिलेलं नाही. बसचालक त्या दिवशी गावाला गेला होता. किल्लेदार घरी आला, दिवा लावला नाही आणि कपाट उघडून अकरा बिस्किटं खाल्ली. बारावं हातात होतं. ते त्याने तसंच धरलं आणि दुसऱ्या हाताने बायकोला फोन लावला. खाण्याआधी करायचा फोन मधेच केला, पण केला.

"मी उभ्याने खातोय," तो म्हणाला. "अकरा झाली."

पलीकडे बाळ रडत होतं. बायकोने आधी त्याला उचलून मांडीवर घेतलं. तेवढ्या वेळात तिच्या मनातून काय काय गेलं असेल, परतीची गाडी किती वाजता सुटते हेसुद्धा गेलं असेल.

"दिवा लावलाय का?" तिने विचारलं.

"नाही."

"लावा. आणि जेवण झालंय का?"

"नाही."

"मग आता ताट घ्या आणि बसून जेवा. फोन चालू ठेवा. मी इथे बाळाला मांडीवर घेऊन बसलेय, कुठे जात नाही."

तो जेवला. उकडलेले बटाटे, अंडं, दोन पाव. ती बाळाच्या नखांबद्दल बोलत राहिली. बारावं बिस्कीट त्याने पाकिटात परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ठरल्याप्रमाणे पुरता दीड महिना राहिली. किल्लेदाराला आपल्या सगळ्या कुलपांपेक्षा या गोष्टीचा जास्त अभिमान वाटतो. विचारलंत तर तो अजूनही सांगतो, "अकरा बिस्किटं खाल्ली तरी ती आली नाही."

ती आली ती एका सकाळी, बॅगा आणि बाळाचे दोनशे फोटो घेऊन. घर जागच्या जागी होतं. नवराही जागच्या जागी होता, फार बारीक वगैरे झाला नव्हता, पण डोळे स्वच्छ दिसत होते आणि दाढी केलेली होती. तिने पाय धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि साखर काढायला कपाट उघडलं.

कपाट असं किंचाळलं की तिच्या हातातला चमचा पडला. करकरत सुरू झालेला आवाज वर चढत गेला आणि दार पूर्ण उघडल्यावरच थांबला. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "अहो किल्लेदार, हात जोडते तुमच्यापुढे, तेल घाला हो त्या दाराला. दीड महिना झाला."

"हे काय?" बायको म्हणाली. "घरातलं तेल संपलं का?"

"स्पिरिटने पुसून काढलं," तो म्हणाला. "तू गेलीस त्याच संध्याकाळी. बिजागऱ्या उघड्या केल्या आणि कोरड्याठक्क केल्या."

"तुम्ही? तुमची तर दाढ ठणकते."

"ठणकते की. रोज ठणकते." तो खुर्चीत बसला होता, पुढ्यात रिकामी बशी होती. "अगं, आधी आवाज नाही व्हायचा ना. मी कधी उघडलं, कधी खाल्लं, माझं मलाच कळायचं नाही. आता उघडलं की हे असं ओरडतं."

तिने कपाटाच्या दाराकडे पाहिलं, चार भोकांकडे पाहिलं. "पण मी इथे नव्हते," ती म्हणाली. "घर रिकामं होतं. मग ऐकणार कोण?"

"मी होतो ना," किल्लेदार म्हणाला.

तिने पडलेला चमचा उचलला. दार लावलं, आणि काही काढायचं नसताना पुन्हा एकदा सावकाश पूर्ण उघडलं, अगदी शेवटपर्यंत. पलीकडून शेजारणीने भिंतीवर थाप मारली. मग बायकोने साखर घेतली, त्याच्या बशीत दोन बिस्किटं ठेवली, दोन आपल्या बशीत ठेवली आणि चहा गाळायला घेतला.